रेणूंच्या पोथीतील सांधे

छापखाना येण्यापूर्वी आपल्याकडे ग्रंथ टिकले ते हाताने केलेल्या नकलांवर. एका पोथीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी, अशी ही परंपरा चाले. लेखनिक कितीही सावध असला तरी कोठे एखादे अक्षर गळे, कोठे एखादा शब्द बदले. आणि एकदा शिरलेली चूक तिच्यावरून झालेल्या पुढच्या सर्व नकलांत उतरे. म्हणूनच जुन्या पोथ्यांचा अभ्यासक चुकांना कंटाळत नाही. दोन पोथ्यांत एकच विलक्षण चूक आढळली तर त्या एकाच मूळ प्रतीवरून निघाल्या असाव्यात, असे तो अनुमान करतो आणि अशा खुणा जुळवीत पोथ्यांची वंशावळ मांडतो.

या कामात एक मोठी अडचण येते. कधी कधी लेखनिकासमोर एक नव्हे, दोन पोथ्या असत. पहिले काही अध्याय त्याने एकीवरून उतरविले, पुढचे दुसरीवरून. किंवा एकीवरून लिहिता लिहिता दुसरीतील पाठ बरा वाटला म्हणून तोच घेतला. अशी पोथी कोणत्या शाखेची म्हणावयाची? पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम सुरू झाले आणि १९६६ साली ते पूर्ण झाले. या कामाचे प्रमुख संपादक डॉ. विष्णु सीताराम सुखटणकर यांनी १९३३ सालच्या आपल्या आदिपर्वाच्या प्रस्तावनेत अशा मिश्र पोथ्यांचा प्रश्न मोठ्या बारकाईने चर्चिला आहे. शुद्ध वंशवृक्ष मांडावा, तर शाखा एकमेकींत गुंतलेल्या, अशी तेथे स्थिती होती.

आश्चर्याची गोष्ट ही की जीवशास्त्रज्ञांपुढे हाच प्रश्न दुसऱ्या रूपाने उभा राहिला. प्राणिमात्रांच्या पेशींत डीएनए नावाचा जो लांबलचक रेणू असतो, ती एक पोथीच होय. तिची अक्षरे अवघी चार. त्यांना ए, सी, जी आणि टी अशी नावे आहेत. पिढ्यान् पिढ्या या पोथीच्या नकला होत असतात आणि क्वचित एखादे अक्षर बदलते. त्या बदलास उत्परिवर्तन म्हणतात. परंतु दुसराही एक व्यवहार चालतो. दोन भिन्न पोथ्यांचे तुकडे जोडून एक नवी पोथी सिद्ध होते. यास पुनःसंयोजन असे नाव आहे. सांधा इतका बेमालूम असतो की नुसत्या डोळ्यांनी तो ओळखू येत नाही. मग तो ओळखावयाचा कसा? येथे संख्याशास्त्र मदतीस येते.

वस्तुतः या विषयाचा जन्मच मोजदादीतून झाला. न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात थॉमस हंट मॉर्गन फळमाशांवर प्रयोग करीत असत. पांढरे डोळे, आखूड पंख, पिवळे अंग असे माशांचे गुण पुढच्या पिढीत कधी एकत्र उतरत, तर कधी विभक्त होत. आईबापांकडून आलेली गुणसूत्रे एकमेकांस चिकटून तुकड्यांची अदलाबदल करतात, हे त्याचे कारण होते. १९११ साली मॉर्गन यांच्याशी झालेल्या एका संभाषणातून त्यांचा तरुण विद्यार्थी आल्फ्रेड स्टर्टेव्हंट याला असे सुचले की, दोन गुण जितक्या वेळा विभक्त होतात, तितके त्यांचे गुणसूत्रावरील अंतर अधिक असले पाहिजे. कॉलेजचा अभ्यास बाजूस सारून तो रात्रीचा बराच वेळ आकडे मांडीत बसला आणि त्यातून जगातील पहिला जनुकांचा नकाशा तयार झाला. १९१३ साली तो प्रसिद्ध झाला. जनुके एका रेषेत मण्यांप्रमाणे ओवलेली असतात, ही गोष्ट कोणी डोळ्यांनी पाहण्यापूर्वी अशा रीतीने नुसत्या मोजणीने ठरली.

मॉर्गन यांच्या प्रयोगशाळेत एक सोय होती. आईबाप ठाऊक होते आणि संतती बाटलीत समोर होती. परंतु ज्या घटना हजारो वर्षांपूर्वी घडल्या, किंवा ज्या रोगजंतूंच्या आईबापांचा ठावठिकाणा नाही, त्यांच्या बाबतीत काय करावयाचे? तेथे संशोधकाच्या हाती उरतात त्या फक्त आजच्या पोथ्या. त्यांच्या अक्षरांवरून पूर्वीचा व्यवहार ताडावयाचा.

हा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न श्रोत्यांच्या मनात सहजच येईल. डीएनएची तुलना करून शास्त्रज्ञ जे वंशवृक्ष काढतात, त्यांचे मूळ गृहीत असे असते की, संपूर्ण मजकुराला एकच वंशावळ आहे. मजकुराचा पूर्वार्ध एका घराण्याचा आणि उत्तरार्ध दुसऱ्याचा असेल, तर एकच वृक्ष काढणे म्हणजे दोन कुळांची सरमिसळ करणे होय. अशा वृक्षावरून काढलेल्या कालगणनेवरही मग भरवसा ठेवता येत नाही. म्हणून वृक्ष काढण्यापूर्वी सांधे तपासणे अगत्याचे ठरते.

सर्वांत सोपी कसोटी रिचर्ड हडसन आणि नॉर्मन कॅप्लन या दोघांनी १९८५ साली उपयोगात आणली. ती कागद-पेन्सिलीने कोणासही पडताळून पाहता येईल. मजकुरातील दोन जागा घ्या. पहिल्या जागी काही नमुन्यांत ए आहे, काहींत जी. दुसऱ्या जागी काहींत सी आहे, काहींत टी. आता मूळ पूर्वजाजवळ ए आणि सी ही जोडी होती असे समजा. पुढे एका वंशजात पहिल्या जागी ए चा जी झाला. जी-सी ही दुसरी जोडी निर्माण झाली. आणखी एका वंशजात दुसऱ्या जागी सी चा टी झाला; ए-टी ही तिसरी जोडी आली. बदल दोनच झाले आणि जोड्या तीन झाल्या. अक्षर एकदाच बदलते असे धरले तर याहून अधिक जोड्या संभवत नाहीत. आता नमुन्यांत जी-टी ही चौथी जोडीही सापडली, तर ती कोठून आली? जी असलेली पोथी आणि टी असलेली पोथी यांचे तुकडे मध्ये कोठेतरी जोडले गेले, हाच त्याचा अर्थ. चार जोड्या दिसल्या की दोन जागांच्या दरम्यान निदान एक सांधा आहे, असे म्हणता येते.

युक्तिवाद मोठा चोख आहे. परंतु तो एका गृहीतावर उभा आहे. ते गृहीत म्हणजे एका जागी बदल एकदाच होतो. काही जागा जर स्वभावतःच चंचल असतील आणि तेथे तोच बदल निरनिराळ्या वंशजांत स्वतंत्रपणे पुन्हा पुन्हा होत असेल, तर सांध्याशिवायही चौथी जोडी उत्पन्न होईल. दोन लेखनिकांनी एकमेकांची पोथी न पाहता तीच चूक करावी, तसाच हा प्रकार. पुढे ज्या वादाने शास्त्रीय जगात खळबळ उडविली, त्याचे बीज याच शंकेत होते.

दुसरी कसोटी जॉन मेनार्ड स्मिथ यांची. हे गृहस्थ मूळचे विमान-अभियंता. पुढे ते जीवशास्त्राकडे वळले आणि लंडनमध्ये जे. बी. एस. हॉल्डेन यांचे शिष्य झाले. हे तेच हॉल्डेन, ज्यांनी १९१९ साली जनुकांमधील अंतर आणि त्यांचे विभक्त होणे यांचे गणिती सूत्र दिले. जे १९५७ साली भारतात येऊन कलकत्त्याच्या भारतीय संख्याशास्त्र संस्थेत काम करू लागले, भारताचे नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वर येथे निवर्तले. गुरूचा संख्येवरील लोभ शिष्यातही उतरला होता.

मेनार्ड स्मिथ यांची १९९२ सालची रीत अशी. दोन पोथ्या शेजारी ठेवावयाच्या आणि त्यांतील फरक मोजावयाचे. समजा, विचारात घेण्यासारख्या १०० जागा आहेत. त्यांपैकी पहिल्या ५० जागांत दोन्ही पोथ्यांमध्ये फक्त ५ ठिकाणी फरक आहे आणि पुढच्या ५० जागांत ३० ठिकाणी. साहजिकच संशय येतो की या दोन पोथ्या पूर्वार्धात जवळच्या नातलग आहेत, उत्तरार्धात नाहीत. म्हणजे मध्यावर सांधा असला पाहिजे. सांधा कोठे आहे हे अगोदर ठाऊक नसल्यामुळे प्रत्येक जागी मजकूर दुभागून पाहावयाचा आणि डावी-उजवी बाजू सर्वांत विसंगत दिसेल, ती जागा निवडावयाची.

पण येथेच सावधगिरी लागते. शंभर जागा धुंडाळून त्यांतील सर्वांत ठळक ती उचलली, तर ती ठळक दिसणारच. त्यात नवल ते काय? म्हणून ते आणखी एक पाऊल टाकतात. त्याच जागांचा क्रम पत्ते पिसावेत तसा पिसून टाकावयाचा. सांधा असलाच तर या पिसण्याने तो नाहीसा होतो. मग या विस्कटलेल्या मजकुरातही पूर्वीप्रमाणेच सर्वांत ठळक जागा शोधावयाची. संगणकाकडून हे हजार वेळा करवून घ्यावयाचे. खऱ्या मजकुरात दिसली तितकी विसंगती पिसलेल्या मजकुरांत क्वचितच दिसली, तर ती नुसत्या योगायोगाची नव्हे, असे म्हणण्यास आधार मिळतो. संशोधकाने आपल्याच डोळ्यांवर ठेवलेला हा पहारा होय.

अशा तपासणीचे फळ वैद्यकात फार लवकर दिसून आले. न्यूमोनियाचा न्यूमोकॉकस हा जंतू एके काळी पेनिसिलिनपुढे हमखास नमत असे. पुढे त्याचे असे वाण आढळू लागले की ज्यांच्यावर औषध चालेना. पेनिसिलिन ज्या प्रथिनांना चिकटून जंतूस मारते, त्या प्रथिनांची जनुके ब्रायन स्प्रॅट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाचली. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या संशोधनात विलक्षण चित्र दिसले. औषधास दाद न देणाऱ्या जंतूंच्या जनुकात एक तुकडा नेहमीच्या जंतूशी जुळणारा, तर त्याच्या लगतचा तुकडा अगदीच परका. जणू गोधडीला लावलेले ठिगळ. हे ठिगळ घशात वस्ती करणाऱ्या दुसऱ्या नातलग जातींच्या जंतूंकडून आले होते. न्यूमोकॉकस बाहेरून पदार्थ उचलून स्वतःचा स्वभाव बदलतो, हे फ्रेडरिक ग्रिफिथ यांनी १९२८ सालीच दाखविले होते, आणि तो पदार्थ डीएनए आहे हे ऑस्वल्ड ॲव्हरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४४ साली सिद्ध केले होते. प्रयोगशाळेतील ते कुतूहल आता रुग्णालयातील संकट म्हणून समोर आले. एका जंतूने कमावलेले संरक्षण दुसरा जंतू आयते उचलतो, ही गोष्ट औषधांचा सढळ वापर करणाऱ्या समाजाने विसरू नये अशी आहे.

न्यूमोकॉकसच्या बाबतीत ठिगळ ठळक होते. ते जेथे अस्पष्ट असते, तेथे मात्र मोठमोठे विद्वान चकतात. याचे उदाहरण माणसाच्याच पेशीत आहे.

आपल्या पेशीत ऊर्जा निर्माण करणाऱ्या तंतुकणिका असतात. त्यांचा स्वतःचा असा छोटा, कड्यासारखा डीएनए असतो. त्याची अक्षरे १६,५६९. तो अपत्यास मिळतो तो केवळ आईकडून. बापाची पोथी पुढे जात नाही. सबब दोन पोथ्यांची मिसळ होण्याचाही संभव नाही, असे सर्वमान्य होते. याच भरवशावर रिबेका कॅन, मार्क स्टोनकिंग आणि ॲलन विल्सन यांनी १९८७ साली १४७ व्यक्तींच्या तंतुकणिकांची तुलना करून असा निष्कर्ष काढला की, आजच्या सर्व माणसांची मातृपरंपरा सुमारे २ लाख वर्षांपूर्वी आफ्रिकेत राहणाऱ्या एका स्त्रीपर्यंत पोहोचते. या स्त्रीची कथा जगभर झाली.

१९९९ साली या भरवशाला धक्का बसला. ॲडम आयर-वॉकर आणि मेनार्ड स्मिथ यांनी सहकाऱ्यांसह दाखविले की, तंतुकणिकेच्या वंशवृक्षात तोच बदल पुन्हा पुन्हा झालेल्या जागा अपेक्षेपेक्षा फार आहेत. यावर चंचल जागांचा आक्षेप येणार हे उघड होते. म्हणून त्याच वर्षाच्या अखेरीस फिलिप अवादल्ला यांच्यासह त्यांनी वेगळा पुरावा मांडला. तुकड्यांची अदलाबदल होत असेल, तर जवळच्या दोन अक्षरांची सोबत टिकावी आणि दूरच्या अक्षरांची तुटावी. चंचल जागांमुळे सोबत तुटली, तर ती अंतर पाहून तुटणार नाही. आणि माणूस व चिंपांझी या दोघांच्याही तंतुकणिकांत अंतर वाढेल तशी सोबत कमी होताना त्यांना दिसली. त्याच सुमारास पॅसिफिक महासागरातील व्हानुआतू बेटांच्या लोकांवर काम करणाऱ्या एका गटानेही असाच दावा केला. एक दुर्मिळ बदल त्यांना अगदी भिन्न घराण्यांच्या लोकांत सापडला होता.

हे खरे ठरते, तर परिणाम दूरवर पोचणार होते. तंतुकणिकेच्या प्रत्येक तुकड्याची आदिमाता वेगळी निघाली असती. त्या आधारे केलेली मानवी स्थलांतरांची कालगणना डळमळली असती. त्यामुळे तपासणी कसून झाली. बेटांवरील दुर्मिळ बदल म्हणजे अक्षरांच्या ओळी एकमेकींखाली लावताना झालेली चूक होती. ओळ थोडी सरकली होती. ही चूक त्याच संशोधकांनी १९०० नव्हे, तर दूरसंवादाच्या या युगाला शोभेल अशा तत्परतेने, पुढच्याच वर्षी, म्हणजे २००० साली, जाहीरपणे दुरुस्त केली. दुसऱ्या दाव्याबाबत असे आढळले की, अक्षरांची सोबत मोजण्याचे एक माप वापरले तर घट दिसते, दुसरे वापरले तर ती दिसत नाही. शिवाय वापरलेल्या जुन्या माहितीत वाचनाच्या चुकाही होत्या. त्याच वर्षी मॅक्स इंगमन, स्वांते पेबो, उल्फ गिलेन्स्टेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगाच्या निरनिराळ्या भागांतील ५३ व्यक्तींच्या तंतुकणिका पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत वाचल्या. अंतर आणि सोबत यांचा संबंध त्यांत आढळला नाही. २००४ साली खुद्द आयर-वॉकर यांनी ग्वेनाएल पिगानो यांच्यासह साऱ्या पुराव्याची फेरतपासणी केली, आणि आपल्या पूर्वीच्या दाव्यास फारसा आधार उरत नाही, असे नमूद केले.

कथेला एक शेपूट आहे. डेन्मार्कमधील एका रुग्णाच्या स्नायूंत बापाकडून आलेल्या तंतुकणिका आढळल्याचे २००२ साली प्रसिद्ध झाले होते. २००४ साली त्याच स्नायूंत आईबापांच्या पोथ्या जोडून झालेले रेणूही सापडले. म्हणजे जोडण्याची क्षमता पेशीत आहे. परंतु मानवजातीच्या इतिहासात तिने ओळखू येईल असा ठसा उमटविलेला नाही. यातून एक मर्यादाही ध्यानात येते. दोन पोथ्या तंतोतंत सारख्या असतील, तर त्यांचे कितीही तुकडे जोडले तरी सांधा दिसणार नाही. संख्याशास्त्राला दिसतो तो फक्त भिन्न वस्त्रांचा सांधा.

अशीच फसगत इन्फ्ल्यूएन्झाच्या बाबतीत झाली. १९१८ साली ज्या साथीने मुंबईसह साऱ्या हिंदुस्थानात लक्षावधी बळी घेतले, तिच्या विषाणूचे एक जनुक दोन तुकड्यांचे आहे, असा दावा २००१ साली झाला. पुढच्याच वर्षी इतर शास्त्रज्ञांनी दाखविले की, त्या जनुकाचे दोन भाग माणसांत आणि डुकरांत वेगवेगळ्या गतीने बदलतात, आणि त्या गतिभेदानेच सांध्याचा भास होतो.

डेव्हिड पोसाडा आणि कीथ क्रँडॉल यांनी २००१ साली अशा १४ कसोट्यांचीच परीक्षा घेतली. संगणकावर त्यांनी कृत्रिम पोथ्या तयार केल्या; सांधे कोठे घातले आणि कोठे घातले नाहीत हे त्यांना ठाऊकच होते. पोथ्यांत फरक थोडे असले की बहुतेक कसोट्यांच्या नजरेतून सांधे निसटत होते. २००६ साली ट्रेव्हर ब्रूएन, एर्वे फिलिप आणि डेव्हिड ब्रायंट यांनी जी कसोटी सुचविली, तिचा आधार साधा आहे. शेजारच्या जागा एकमेकींशी जितक्या जुळतात, तितक्या दूरच्या जुळतात काय, एवढेच ती विचारते आणि उत्तर पुन्हा पत्ते पिसून पारखते.

ही विद्या आता केवळ पंडितांच्या उपयोगाची राहिलेली नाही. २०२२ साली करोनाचा एक्सबीबी नावाचा प्रकार भारतात आणि अन्यत्र पसरला, तेव्हा तो ओमायक्रॉनच्या दोन उपशाखांचे तुकडे जोडून झालेला आहे, हे अक्षरांच्या अशाच तुलनेने कळून आले. दोन शाखांचा विषाणू एकाच माणसाच्या शरीरात एकाच वेळी असल्याखेरीज असा जोड होत नाही. म्हणून रोग जितका मोकाट, तितकी अशा जोडांना संधी अधिक.

सुखटणकरांसारख्या संपादकापुढे मिश्र पोथी आली, तर तो तिला टाकून देत नसे. कोणता भाग कोठून आला हे जेथे सांगता येई तेथे तो सांगे, आणि जेथे पुरावा अपुरा तेथे पाठाखाली तशी खूण करून ठेवी. रेणूंची पोथी वाचणाऱ्यांनी १९९९ ते २००४ या पाच वर्षांत तेच केले. सांधा दिसला म्हणून ज्यांनी सांगितले, त्यांच्यापैकीच एकाने पुन्हा पोथी उघडून तो दिसत नाही असे लिहून ठेवले, आणि मातृपरंपरेची ती कालगणना आजही उपयोगात आहे.